अंगावर पाजताना येणारा फोड : हे दुखणे सोसू नका, सांगा



लागण, बेणे, खतांच्या मात्रा, पाण्याच्या पाळ्या आणि तोडणीचा कार्यक्रम याबद्दल आम्ही या पानावर लिहीत असतो. या अंकात ऊस बाजूला ठेवून घरातला एक विषय घेतला आहे. तान्ह्या बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईच्या स्तनाग्राला, म्हणजे बोंडाला, फोड येतो आणि पाजताना तिचा जीव कळवळतो, तेव्हा काय करावे, हा तो विषय. शेतकी खात्याची माणसे यात कुठे आली, असे कोणी म्हणेल. पण आम्ही वर्षभर आपल्या बांधावर आणि ओसरीवर येतो, घरात काय चालले आहे ते कानावर येतेच. शिवाय गळीत हंगामात आपल्याच फडात तान्ह्या मुलांच्या आया कोयता चालवीत असतात. तेव्हा हा विषय उसापासून वाटतो तितका लांबचा नाही.

एक गोष्ट प्रत्येक सभासदाला पटेल. गाय व्याली, सडाला भेग पडली किंवा कास घट्ट होऊन दगडी झाली, तर आपण दुसऱ्या धारेची वाट पाहत नाही. लगेच जनावरांच्या डॉक्टरांना फोन जातो, कारण दुधाचे बिल डोळ्यासमोर असते. सून मात्र दात आवळून बाळाला पाजत असेल, तर घरात म्हणतात, "पहिलटकरणीला होतंच असं. सोसायचं थोडं." सोसता सोसता ती पाजणे टाळू लागते, छाती दाटते, ताप येतो आणि शेवटी दुकानातून पावडरीचा डबा आणला जातो. फोड मोहरीच्या दाण्याएवढा असतो, पण त्याच्यापायी बाळाचे दूध तुटते.

निमित्त काय झाले

आमच्या एका गटातील सभासदांची मुलगी ठाणे जिल्ह्यात, भिवंडीजवळच्या पूर्णा गावी राहते. ठाण्याहून भिवंडीकडे जाताना काल्हेर, पूर्णा, राहनाळ हा पट्टा लागतो. पूर्वी भातशेतीचा असलेला हा भाग आता गोदामांचा झाला आहे. नाना कंपन्यांचा माल तिथे उतरतो, भरला जातो आणि पुढे जातो. घाटावरची कितीतरी तरुण मंडळी त्या कामाला गेली आहेत, त्यांत आपल्या सभासदांची मुले-जावईही आहेत. ही मुलगी गावी बाळंत झाली आणि दोन महिन्यांनी बाळ घेऊन नवऱ्याकडे भाड्याच्या खोलीत गेली. नवरा पहाटे गोदामात जाई, तो रात्री येई. घरात थोरले बाईमाणूस कोणी नाही.

तिथे तिला एका बाजूच्या बोंडावर पांढरी पुटकुळी आली. बाळाने तोंडात धरले की सुई टोचल्यासारखी कळ उठे. एका शेजारणीने सुई तापवून फोड फोडायला सांगितले. दुसरीने ती बाजू बंदच कर म्हणून सांगितले. नवऱ्याने दुधाच्या पावडरीचा डबा आणून ठेवला. तिचे वडील उसाच्या नोंदीसाठी गट ऑफिसात आले होते, तेव्हा आम्हाला म्हणाले, "साहेब, पोरगी फोनवर रडतीया. तिची आई असती तर विचारलं असतं. बाप माणसानं हे कुणाला विचारायचं?"

प्रश्न रास्त होता. आम्ही त्यांची गाठ आपल्या भागातील आरोग्य केंद्राच्या सिस्टरांशी घालून दिली. सिस्टर फोनवर मुलीशी बोलल्या आणि दोनच गोष्टी सांगितल्या. सुई लावू नकोस, आणि तिथल्या आशाताईला किंवा दवाखान्यातल्या सिस्टरला बाळ प्रत्यक्ष अंगावर घेऊन दाखव. तिने दाखवले. बाळाच्या तोंडात बोंडाचे नुसते टोक जात होते. धरण्याची पद्धत सुधारली, छातीला गार पाण्याच्या घड्या ठेवल्या, आणि आठवड्याभरात पुटकुळी गेली. डबा उघडावा लागला नाही. त्यानंतर आम्ही सिस्टरांना आणि डॉक्टरांना विचारून या विषयाची माहिती गोळा केली. ती पुढे देत आहोत.

फोड सगळे सारखे नसतात

उसावर पिवळेपणा दिसला की आपण आधी कारण शोधतो. लोह कमी आहे, पाणी साचले आहे की मुळाला हुमणी लागली आहे, ते पाहूनच उपाय करतो. इथेही तसेच आहे.

पहिला प्रकार घासण्याने आलेल्या फोडाचा. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवसांत हा जास्त दिसतो. नवी चप्पल टाच चावते आणि पाण्याचा फोड येतो, तसाच हा. आत पाणी असते, कधी रक्त असते. बहुतेक वेळा बाळाची पकड उथळ असते हेच कारण. दूध काढण्याच्या पंपाचे तोंड मापाचे नसेल तरी असा फोड येतो. काही बाळांच्या जिभेखालची पट्टी आखूड असते, त्यामुळे त्यांना जीभ पुढे काढून नीट धरता येत नाही. तशी शंका आली तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

दुसरा प्रकार दुधाच्या पुटकुळीचा. बोंडाच्या टोकावर पांढरा किंवा पिवळसर ठिपका दिसतो. दुखते ते त्याच एका ठिकाणी. कधी त्याच्या मागे छातीत गाठ लागते. पूर्णा गावच्या मुलीला झाली ती ही.

तिसरे कारण बुरशीचे. बोंड लालसर, चकचकीत होते किंवा त्याची साल निघते, आणि पाजून झाल्यावरही आग होत राहते. बाळाच्या तोंडात गालाच्या आतून पुसून न निघणारा पांढरा थर दिसतो. यात आई आणि बाळ दोघांनाही एकाच वेळी औषध घ्यावे लागते. एकालाच दिले तर एकाचे दुसऱ्याला लागत राहते.

चौथे कारण क्वचित आढळते, पण ते सर्वांनी लक्षात ठेवावे. बारीक पाणीदार फोडांचा घोस एकाच जागी आला आणि खूप आग होऊ लागली, तर तो हर्पीस नावाचा रोग असू शकतो. तान्ह्या बाळाला तो जिवावर बेततो. असे दिसले की त्या बाजूला बाळ लावू नये, फोडाला बाळाचा स्पर्श होऊ देऊ नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. दुसरी बाजू स्वच्छ असेल तर तिकडे पाजता येते.

सुई का लावायची नाही

ठिबक असलेल्या सभासदांना हे चटकन समजेल. ड्रीपर चोक झाला की गडी तारेने किंवा सुईने खोचतो. दोन दिवस पाणी येते. पुढे भोक मोठे होते, पाणी वाटेल तसे पडते आणि पुन्हा क्षार धरतात, कारण क्षार मुळात नळीत असतात. म्हणून आपण नळ्या धुतो, आम्ल प्रक्रिया करतो.

दुधाच्या पुटकुळीचे असेच आहे. वर ठिपका दिसतो, पण सूज आतल्या दुधाच्या नळीला आलेली असते. सुईने, काट्याने किंवा नखाने वरची कातडी फोडली की जखम होते, जंतू आत जातात, आणि जखम भरताना तोंड आणखी बंद होते. पूर्वी गरम शेक द्या, गाठ जोराने चोळा, छाती पूर्ण रिकामी करा असे सांगत. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या डॉक्टरांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२२ साली नवी मार्गदर्शिका काढली, तीत हा सल्ला बदलला आहे. जोराचे चोळणे आणि गरजेपेक्षा जास्त दूध काढणे यांनी सूज वाढते. पुटकुळी फोडू नये, गार घड्या ठेवाव्यात आणि बाळाच्या भुकेप्रमाणे नेहमीसारखे पाजत राहावे, असे आता सांगतात. बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची आपल्याकडे चाल आहे. ती पाठीला-कमरेला ठीक. सुजलेल्या छातीवर मात्र शेगडी नको.

बाळ कसे धरावे

आमच्या माहितीप्रमाणे निम्म्याहून जास्त उपाय इथेच आहे. लागण करताना डोळा कोणत्या बाजूला ठेवायचा हे जसे पहिल्या दिवशी शिकून घ्यावे लागते, तसेच हे. पाजणे निसर्गाचे असले तरी ते शिकावे लागते, बाळालाही आणि आईलाही.

आईने पाठीला टेका घेऊन आरामात बसावे. बाळाकडे वाकू नये, बाळाला छातीकडे आणावे. बाळाचे कान, खांदा आणि कंबर एका रेषेत असावेत. मान वळवून दूध पिणे आपल्यालाही जमणार नाही. बाळाचे पोट आईच्या पोटाला लागलेले असावे आणि नाक बोंडासमोर यावे. बोंड बाळाच्या वरच्या ओठाला लावले की ते तोंड उघडते. जांभई दिल्यासारखे मोठे उघडले की झटकन जवळ घ्यावे.

पकड बरोबर आहे हे ओळखायच्या खुणा अशा : हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले, आणि बोंडाभोवतीचा काळा भाग खालच्या बाजूने बाळाच्या तोंडात जास्त गेलेला. घोट घेतल्याचा आवाज येतो. नुसता चुटचुट आवाज आला, गालाला खळगा पडला, किंवा तोंडातून निघालेले बोंड चपटे, तिरके दिसले, तर पकड उथळ आहे. तेव्हा ओढून काढू नये. स्वच्छ करंगळी बाळाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हळूच आत घालावी, पकड सुटते. मग पुन्हा लावावे. दहा वेळा करावे लागले तरी करावे.

पहिल्या काही दिवसांत सुरुवातीचे क्षणभर हुळहुळणे चालते. बाळ पीत असेपर्यंत कळ राहत असेल तर ते "होतंच असं" म्हणून सोडून देऊ नये.

फोड आला तर

दुखत नसलेल्या बाजूने आधी पाजावे, कारण भुकेलेले बाळ सुरुवातीला जोराने ओढते. पान्हा फुटला की दुखऱ्या बाजूला घ्यावे. दोन वेळा पाजण्यामध्ये फार अंतर ठेवू नये. तान्हे बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पिते. पाजणे अगदीच सोसवत नसेल तर त्या बाजूचे दूध हाताने हळुवार काढून स्वच्छ वाटी-चमच्याने द्यावे. दूध बंद करू नये.

पाजून झाल्यावर आपल्याच दुधाचे दोन थेंब बोंडाला लावून वाऱ्यावर सुकू द्यावे. साबणाने वारंवार धुऊ नये, कातडी कोरडी पडून भेगा जातात. आंघोळीचे साधे पाणी पुरते. घट्ट चोळी आणि ओले कापड टाळावे. माठाच्या गार पाण्यात भिजवून पिळलेल्या घड्या पाजण्यानंतर छातीवर ठेवाव्यात. हळद, राख, चुना, टूथपेस्ट असले काही लावू नये, ते बाळाच्या पोटात जाते. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना किंवा सिस्टरांना विचारून घ्यावी. पाजणाऱ्या आईला चालणाऱ्या गोळ्या आहेत. पुटकुळी पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टर थोडे दिवस लावायला सौम्य मलम देतात, कधी लेसिथिन नावाचे औषध देतात. हे आपल्या मनाने दुकानातून आणू नये.

फोडातून थोडे रक्त आले आणि बाळाच्या पोटात गेले, तर घाबरू नये. बाळाच्या उलटीत किंवा शीत रक्ताची रेघ दिसते, पण त्याने अपाय होत नाही.

पुढील लक्षणे दिसली तर मात्र घरगुती उपाय बंद करून दवाखाना गाठावा. थंडी वाजून ताप आला. छातीचा एखादा भाग लाल, गरम आणि दगडासारखा झाला व दिवसभरात उतरला नाही. पू आला. गाठ राहिली. किंवा बोंडावरची जखम, खवले काही आठवडे उलटले तरी भरत नाहीत. यात शेवटचे लक्षण लाजेपोटी लपवू नका, ते तपासून घेणे फार महत्त्वाचे आहे. छाती सुजून ताप आला तरी बहुतेक वेळा पाजणे चालू ठेवता येते. ते दूध बाळाला बाधत नाही.

आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरवून येतात. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी धरलेल्या आहेत. त्या आल्या की चहा देऊन वाटेला लावू नका. त्यांच्यासमोर बाळ पाजून दाखवू द्या. पुरुषांनी तेवढा वेळ बाहेर बसावे.

डबा कशासाठी नको

सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणीसुद्धा नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आईच्या दुधात सुमारे ८७ टक्के पाणीच असते, त्यामुळे उन्हाळ्यातही बाळाला वेगळे पाणी लागत नाही. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू करून दोन वर्षे किंवा पुढेही अंगावर पाजावे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील सहा महिन्यांखालील सुमारे ६४ टक्के बाळे निव्वळ आईच्या दुधावर असल्याचे आढळले. म्हणजे दर तिसऱ्या बाळाला वरचे काही तरी दिले जाते.

एकदा बाटली सुरू झाली की बाळ छाती कमी ओढते, आणि ओढ कमी झाली की दूध कमी होते. मागणी तसा पुरवठा, असा हा हिशेब आहे. शिवाय डबा महाग. पुरवायला म्हणून पावडर पातळ करतात, पाणी धड उकळलेले नसते, आणि जुलाब लागतात. या कारणासाठी १९९२ साली देशात कायदा झाला आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीची व बाटल्यांची जाहिरात बंद झाली. २००३ साली तो आणखी कडक केला. आईचे दूध सर्वांत उत्तम, ही सूचना डब्यावरच छापावी लागते. वाचून पाहावी. ज्या बाळाला डॉक्टरांनीच वरचे दूध सांगितले आहे त्याची गोष्ट वेगळी. त्या आईला कोणी बोल लावू नये.

आपल्या महाराष्ट्राने या कामात पुढाकार घेतलेला आहे. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आईच्या दुधाची पेढी सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. स्तनपानासाठी काम करणारी 'बीपीएनआय' ही देशव्यापी संस्था १९९१ साली वर्धा येथे स्थापन झाली. दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट हा स्तनपान सप्ताह म्हणून पाळतात. त्या आठवड्यात आरोग्य केंद्रात माहिती सांगतात, तिथे सुनांना जरूर पाठवावे. सासवाही बरोबर गेल्या तर जास्त चांगले.

फडातल्या आयांचे काय

आता आमच्या खात्याचा विषय. नोकरी करणाऱ्या आईला मूल १५ महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन जादा सुट्ट्या देण्याची तरतूद १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात केली होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. फडात मात्र काम टनावर चालते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ती थांबली तर त्याचेही काम अडते. म्हणून पहाटे अंधारात फडात आलेली आई बाळाला बांधावर झोळीत ठेवते आणि गाडी भरेपर्यंत उठत नाही. छाती दाटून दगड होते. दाटलेल्या छातीवर बाळाला नीट पकडता येत नाही, ते नुसते टोक ओढते, आणि फोड येतो. वर मोळ्यांचे ओझे, घामाची चोळी, पाचटाची कुस. पुढचे आपल्याला वर सांगितलेच आहे.

यावर सभासदांच्या हाती काय आहे? फडाच्या कडेला एक ताडपत्री किंवा झाडाची सावली, घागरभर स्वच्छ पाणी आणि साबणाची वडी ठेवा. उसाची कुस आणि औषधाचे हात धुऊनच बाळाला घेता यावे, एवढ्यासाठी. टोळी आली की घरातल्या बाईने जाऊन विचारावे, पाजणारी कोणी आहे का, आणि गावच्या आशाताईचा फोन नंबर तिला द्यावा. मुकादमाला सांगावे की दर दोन-तीन तासांनी तिला उठू द्यावे. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे असे आम्हीच आपल्याला सांगत असतो. अर्ध्या तासाने उतारा घटत नाही, हेही आम्हीच सांगतो.

शेवटी दोन शब्द घरातल्या पुरुषांसाठी. पूर्णा गावच्या मुलीच्या वडिलांनी संकोच सोडून विचारले, म्हणून तिला वेळेवर योग्य माणूस भेटले. लेक मुंबई-ठाण्याकडे नांदत असेल तर फोनवर "बाळ कसं आहे?" एवढेच विचारू नका. "पाजताना दुखत तर नाही ना?" हेही विचारा, किंवा घरातल्या बाईमाणसाला विचारायला सांगा. ती हो म्हणाली तर "सोस" म्हणू नका. जवळच्या सिस्टरकडे जा म्हणा. गोठ्यात जी तत्परता आपण दाखवतो, ती घरातही दाखवू या.

या पानाचे कात्रण काढून ज्या घरी बाळंतीण आहे तिथे पोचवावे, ही विनंती.